रस्त्यापासून धुऱ्यापर्यंत

तुम्ही जिथं बसला आहात तिथंच बसून राहा, फक्त एक पितळेची मोठी परात डोळ्यांसमोर आणा. तिच्यात काळ्या मातीचा जाड थर पसरला आहे असं समजा. आता परातीच्या एका कडेखाली बोट सारा. कलली ना? अगदी थोडी. पाहणाऱ्याच्या लक्षातही यायचं नाही, इतकी. मग वरच्या कडेवरून तांब्याभर पाणी हळूच सोडा आणि ते कुठून जातं ते पाहत राहा. ते सरळ जाणार नाही. थबकेल, बाजूला वळेल, एखाद्या खोलगट जागी साचेल आणि तिथूनच आपली वाट काढील. दुसऱ्यांदा पाणी सोडलंत, तर तेही त्याच वाटेनं जाईल.

लक्ष्मणरावांचं वावर अशा परातीसारखं होतं.

वर्ध्याहून पवनारकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ते वावर. वरच्या अंगाला डांबरी रस्ता, खालच्या अंगाला धुरा, म्हणजे दोन वावरांच्या मधला मातीचा बांध. धुऱ्यापलीकडं महादेवरावांचं वावर आणि त्याच्याखाली नाला. नाला पुढं जाऊन धाम नदीला मिळायचा. रस्त्यापलीकडं मुरमाड, उंच बरड होतं. तिथं पडलेलं पावसाचं पाणी रस्त्याखालच्या पुलियेतून लक्ष्मणरावांच्या वावरात उतरायचं आणि वावराच्या मधून तिरपं, वळणं घेत खाली जायचं. त्या पाण्यानं किती पिढ्या आधी कोण जाणे, एक उथळ घळ पाडून ठेवली होती. तिला सगळे लवण म्हणायचे. लवणात गुडघाभर गवत असायचं, दोन्ही काठांना शिंदीची झाडं. खाली धुऱ्याच्या कोपऱ्यात दगड रचून तोंड ठेवलेलं होतं. तिथून पाणी महादेवरावांच्या वावराच्या कडेकडेनं मुकाट नाल्यात जायचं.

या लवणानं लक्ष्मणरावांना जन्मभर छळलं होतं. पाण्यामुळं नव्हे, तासामुळं.

तास म्हणजे पेरणीची ओळ. लक्ष्मणरावांचा तास पंचक्रोशीत नावाजलेला. दोन खुंट्या रोवून, दोरी ताणून ते कपाशीची सरकी एकेक करून टोबायचे, आणि पऱ्हाटी उगवून वर आली की जणू कोणी पट्टी ठेवून रेघ मारली आहे. रस्त्यानं जाणारी माणसं गाडी हळू करून पाहायची. पण तास लवणाशी येऊन तुटायचा. पलीकडच्या काठावर पुन्हा खुंटी रोवायची, पुन्हा दोरी धरायची. कितीही जपलं तरी अलीकडचा आणि पलीकडचा तास बोटभर चुकायचाच. फाटलेलं धोतर शिवल्यासारखं ते दिसायचं. रस्त्यापासून धुऱ्यापर्यंत एक अखंड तास काढावा, एकदा तरी, ही त्यांची फार जुनी इच्छा होती. ती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती. अशी इच्छा बोलली की लोक हसतात.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा रोशन जेवता जेवता म्हणाला, "बाबा, मुकेशचा जेसीबी उद्या रिकामा हाय. बाजूच्या शेततळ्याचं काम झालं त्याचं. लवण बुजवून टाकू का?"

लक्ष्मणरावांचा घास हातात राहिला. पण ते एवढंच म्हणाले, "पाहू."

"पाहू म्हणजे हो," आनंदाबाई चुलीजवळून म्हणाल्या. "पन्नास वर्षं झाले या माणसाचं पाहू ऐकून राह्यली मी. अन् शिंद्या तोडल्यावर मी झाडायचे फडे कायचे बांधू? तुमच्या मिशायचे?"

अकरा वर्षांची नात अपेक्षा खळखळून हसली. रोशनची बायको सपना तोंडाला पदर लावून आत गेली. लक्ष्मणरावही हसले, आणि ते हसले म्हणजे काम ठरलं.

दुसऱ्या दिवशी शिंद्या पडल्या. मुकेशनं खोऱ्यानं त्यांचे बुंधे उपटले, तेव्हा मुळांना चिकटलेली माती ओली होती. भर उन्हाळ्यात ओली. लक्ष्मणरावांनी ती पाहिली आणि दुसरीकडं पाहिलं.

"आबाजी, भरण कोठून आणू?" मुकेशनं वरून ओरडून विचारलं. "लई खाऊन राह्यलं हे लवण."

"तो वरचा कोपरा खरड. तिथं कुसळ नाई पिकत. मुरूम हाय लाल."

"अन् हे बुंधे?"

"खाली तोंडाशी दाब. वरून मुरूम टाक."

दुपारी महादेवराव धुऱ्यावरून आले. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी तळहातावर चोळत थोडा वेळ उभे राहिले. लक्ष्मणरावांपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, पण दोघं एकाच म्हशीच्या पाठीवर बसून वाढलेले. एकाची पेरणी अडली की दुसऱ्याचे बैल न सांगता यायचे.

"लक्ष्मणभाऊ, तोंड बुजवून राह्यला तू. पाणी कोठून जाईन?"

"कायचं पाणी, महादेव? दोन वर्षं झाले, लवणात बकरीचं खूर नाई भिजलं."

"अन् आलं तर?"

"आलं तर माह्या वावरात येईन. तुह्या चुलीत थोडीच येते?"

मुकेश हसला, रोशन हसला. महादेवरावही हसले. त्यांनी चिमूटभर खर्रा लक्ष्मणरावांच्या हातावर ठेवला, म्हणाले, "तुहं वावर, तुही मर्जी," आणि आल्या वाटेनं गेले. पुढं कितीदा तरी लक्ष्मणरावांना तो हशा ऐकू येणार होता. त्या दिवशी मात्र तो फक्त हशा होता.

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला आणि घरची सगळी माणसं वावरात उतरली. लक्ष्मणराव रस्त्याकडच्या खुंटीशी, अपेक्षा धुऱ्याकडच्या. "ताण!" असं ते ओरडले की तिनं पाय रोवून दोरी ओढायची. लवण होतं तिथून दोरी सपाट मातीवरून गेली. तिला अडवायला काही नव्हतं.

पऱ्हाटी दोन पानांवर आली, तेव्हा लक्ष्मणराव सकाळीच रस्त्यावर जाऊन उकिडवे बसले. एक डोळा मिटला. पहिला तास पायाजवळून निघाला तो थेट धुऱ्यात जाऊन बुडाला. कुठं तुटला नाही, कुठं वाकला नाही. मागून एसटी आली. खिडकीतून कोणी तरी ओळखीचा ओरडला, "लक्ष्मणराव, फोटो काढू का वावराचा?"

"काढ ना बाप्पा, काढ!"

त्या दिवशी त्यांनी वार नसताना दाढी केली. आनंदाबाईंनी ते पाहिलं. म्हाताऱ्या माणसाचा आनंद फार दिवस टिकत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्याला हात लावला नाही.

जुलैत आभाळ खाली आलं. आधी झड लागली, माती पिऊन पिऊन फुगली. मग एका सकाळी असा पाऊस कोसळला की छपराच्या कवेलूंवर गोटे पडल्यासारखा आवाज येऊ लागला. घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. लक्ष्मणरावांनी डोक्यावर पोतं घेतलं, फावडं घेतलं आणि निघाले. मागून रोशन.

वावराशी पोहोचले तर पुलियेचं तोंड दिसतच नव्हतं. बरडावरचं सगळं पाणी तिथं गोळा होऊन, आटवलेल्या चहाच्या रंगाचं, फुगे सोडत वावरात शिरत होतं. आणि ते तासातासांतून जात नव्हतं. ते जुन्या लवणाचीच वळणं घेत होतं. पहिलं वळण, मग शिंदी होत्या तिथलं दुसरं. मुकेशनं भरलेला मुरूम खालून विरघळत होता आणि वरची पऱ्हाटी, तासच्या तास, काठासकट खाली बसत होती. पोळीचा तुकडा दुधात बसावा तशी.

"तोंड फोड, रोशन! खालचं तोंड!"

दोघं धुऱ्याच्या कोपऱ्याकडं धावले. चिखल पिंडऱ्यांना ओढत होता. तोंडाशी दाबलेला ढीग पाणी पिऊन कातळ झाला होता. फावडं मारलं की ते शिंदीच्या बुंध्यावर आपटून परत यायचं आणि हाताला मुंग्या यायच्या. लक्ष्मणरावांचे दोन्ही तळहात सोलले. रोशन हातांनी मुळं ओढू लागला.

धुऱ्याच्या पलीकडं महादेवराव होते. त्यांच्याही हातात फावडं होतं. ते आपल्या बाजूची माती उचलून धुऱ्यावर टाकत होते, थापत होते, पुन्हा उचलत होते. मध्ये हातभर रुंदीचा बांध. एक म्हातारा उकरतो आहे, दुसरा रचतो आहे, आणि दोघांच्या मध्ये पाणी चढतं आहे. कोणी कोणाकडं पाहिलं नाही. पाहायला उसंतच नव्हती. निदान लक्ष्मणरावांनी मागून मनाची समजूत तशी घातली.

धुरा कोपऱ्यात फुटला नाही. मधोमध फुटला. आधी एक दोरीएवढी धार पलीकडं गेली, मग बैल जाईल एवढं खिंडार पडलं आणि सगळं पाणी एकदम महादेवरावांच्या सोयाबीनवर गेलं. माती, मुरूम, गोटे, बुंधे, सगळं घेऊन गेलं.

महादेवरावांनी फावडं खाली टाकलं आणि ते कमरेवर हात ठेवून पावसात उभे राहिले.

पाऊस ओसरल्यावर दिसलं ते असं. लवणाच्या जागी आता उघडी घळ होती, पूर्वीच्या दुप्पट खोल, काठ कापल्यासारखे. अर्ध्या वावरात पऱ्हाटीची मुळं उघडी पडून लोंबत होती. काळी माती नाल्यातून धामेत गेली, धामेतून कुठं गेली कोणास ठाऊक. हलकं ते वाहून जातं, जड ते मागं राहतं. महादेवरावांच्या वावरात लाल मुरमाचा आणि गोट्यांचा थर बसला होता. मधोमध एक शिंदीचा बुंधा मेलेल्या जनावरासारखा पाय वर करून पडला होता. सोयाबीन कुठं होतं ते सांगावं लागलं असतं.

चार दिवसांनी पंचनाम्याला माणसं आली. तलाठी मॅडमनी साडी आवरून घळीच्या काठावरून मोबाइलवर फोटो काढले. मग त्यांनी विचारलं, "काका, इथं आधीपासून नाला होता का? कोणी बुजवला वगैरे?"

लक्ष्मणरावांच्या घशात शब्द आला. पण त्याच्याआधी त्यांना मागं उभ्या असलेल्या रोशनचा श्वास ऐकू आला, आणि शब्द तिथंच थांबला.

"पाणीच तसं आलं, मॅडम," पलीकडून महादेवराव म्हणाले. "पाण्याफुडं कोणाचं चालते?"

मॅडमनी मान हलवली आणि पुढच्या वावराकडं निघाल्या. लक्ष्मणराव खिंडाराशी गेले. महादेवराव खर्रा चोळत होते. त्यांनी तो तोंडात टाकला आणि पन्नी गुंडाळून खिशात ठेवली.

"घरी जा, लक्ष्मणराव. पाय सुजले तुमचे."

लक्ष्मणराव. तुमचे. इतक्या वर्षांत महादेवनं त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

संध्याकाळी आनंदाबाईंनी त्यांच्या पायांना कोमट तेल लावलं. रोशन दारात बसून म्हणाला, "बाबा, तुम्ही चूप राह्यले ते बरं केलं. नाई तर दोघायचीही मदत गेली असती."

आनंदाबाईंनी बोटांच्या सांध्यांतला चिखल नखानं काढला.

"महादेवभाऊजीकडं गेलते का तुम्ही?"

"जाईन."

"कवा? पोळ्याले?"

दुसऱ्या दिवशी ते गेले. रिकाम्या हातानं जावंसं वाटेना, म्हणून बैल आणि वखर घेऊन गेले. महादेवराव आणि त्यांची बायको प्रमिलाबाई वावरात बसून गोटे वेचत होते. घमेलं भरलं की दोघं दोन कडांना धरून नेत होते. प्रमिलाबाईंच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"बैल आणले," लक्ष्मणराव म्हणाले. "वखर मारून देतो."

"गोट्यात वखराची पास मोडीन," महादेवराव मान वर न करता म्हणाले. "गोटे वेचाले बैल नाई लागत, लक्ष्मणराव."

लक्ष्मणराव उभे राहिले. एक हात जुवावर. बैलानं शेपटी मारली, ती त्यांच्या सोललेल्या तळहाताला लागली. महादेव वर पाहील, बस म्हणेल, मग बसू, असं त्यांना वाटत होतं. खरं तर कोणी बस म्हणायची गरज नव्हती. फक्त वाकायचं होतं. गुडघे मोडून खाली बसायचं आणि समोरचा एक गोटा उचलायचा. एवढं सोपं काम त्यांना त्या दिवशी जमलं नाही. घमेलं दोनदा भरून गेलं, तरी ते उभेच. मग त्यांनी बैल वळवले. प्रमिलाबाई मागून एवढंच म्हणाल्या, "पाणी तरी पिऊन जा जी," पण तोवर ते धुरा ओलांडून गेले होते.

रविवारी उघाड पडली. दुबार टोबणी करायची तर आताच, नाही तर हंगाम गेला. घरची सगळी माणसं पुन्हा वावरात आली.

"आता मुरूम टाकून बुजवू," रोशन घळीत वाकून म्हणाला. "मुकेशले बोललो मी. चांगलं रोलरनं दाबून घेऊ या बारीनं."

"नाई," लक्ष्मणराव म्हणाले.

"मंग? एवढी जागा सोडून देता का?"

"आपली नव्हतीच ते जागा. राहू दे. तोंड उकरून मोकळं कर, अन् काठाले शिंद्या येतीन त्या येऊ दे."

रोशन तोंडातल्या तोंडात पुटपुटला, पण कुदळ घेऊन कोपऱ्याकडं गेला. लवण परत द्यायचं ठरलं. गेलेली माती मात्र कोणी परत देणार नव्हतं, आणि हे त्या वावरात फक्त लक्ष्मणरावांना पुरतं कळलं होतं. बोटभर काळी माती व्हायला माणसाच्या कितीतरी पिढ्या जातात. जायला एक दुपार पुरते.

लक्ष्मणरावांनी खालच्या अंगापासून सुरुवात केली आणि घळीच्या अलीकडच्या काठाला खुंटी रोवली. अपेक्षा दोरीचं टोक घेऊन घळीत उतरली, हातांनी काठ धरून पलीकडं चढली, धुऱ्याशी खुंटीपाशी उभी राहिली.

"ताण!"

तिनं पाय रोवून ओढलं. दोरी उठली, थरथरली आणि स्थिर झाली. लक्ष्मणरावांनी सवयीनं एक डोळा मिटला. दोरी अगदी सरळ होती. कधी नव्हे इतकी सरळ. आणि तिच्याखाली घळ होती. सरकी टाकायला तिथं माती नव्हती, नुसती हवा होती. दोरीवरून पाण्याचे थेंब निथळून खाली पडत होते.

दोरीच्या टोकापलीकडं, नातीच्या खांद्यावरून, त्यांना महादेवरावांचं वावर दिसलं. दोन माणसं वाकत होती, उठत होती. घमेल्यात गोटा पडल्याचा आवाज इथपर्यंत येत होता.

अपेक्षानंही मान वळवून तिकडं पाहिलं.

"आबाजी," ती म्हणाली, "ते लाल गोटे आपल्या वरच्या कोपऱ्यातले हायेत ना?"

"हो."

"मंग ते काऊन वेचून राह्यले?"

लक्ष्मणरावांजवळ उत्तर होतं: आपण वाकलो नाही म्हणून. जिभेवरही आलं. पण अकरा वर्षांच्या पोरीला सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि तिनं दुसरं कोणतं मानलंही नसतं.

"अपू, दोरी ताण!" रोशन कोपऱ्यातून ओरडला.

तिनं दोरीचं टोक खुंटीला दोनदा गुंडाळलं, खुंटी टाचेनं खोल दाबली आणि फुटलेल्या धुऱ्यातून पलीकडं उतरली.

"काय पायजे व पोरी?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"काई नाई."

"घरी जा, माय. हात फुटतीन तुहे."

"हे आमचे हायेत," ती म्हणाली, आणि खाली बसली.

महादेवरावांचा हात थोडा थांबला, मग पुन्हा चालू झाला. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही, की धुऱ्यापलीकडं उभ्या असलेल्या तिच्या आज्याकडंही नाही. अपेक्षानं फ्रॉकचा घेर एका हातानं धरला आणि दुसऱ्या हातानं एकेक गोटा त्यात टाकत गेली. घेर खाली लोंबायला लागला तेव्हा ती उठली, वजनानं वाकडी होत, पाय फाकत खिंडारापर्यंत चालत आली आणि सगळे गोटे आपल्या बाजूला ओतले. मग घेर झटकला, परत गेली आणि जिथून उठली होती तिथंच पुन्हा वेचायला बसली.